पाकीट खडकसांगवीचं, पिनकोड मुरूमचा

भुवनेश्वरीला आपल्या मुलीबद्दल एकच काळजी होती, आणि नऊ वर्षांत ती तसूभरही कमी झाली नव्हती. शिवप्रिया दुसऱ्याची चूक हसून सोडून द्यायची. स्वतःची चूक मात्र तिला सोसत नसे. चूक झाली की ती रडायची नाही, कुणाशी भांडायची नाही. गप्प व्हायची आणि मनातल्या मनात स्वतःला शिक्षा ठरवायची. ती शिक्षा काय असेल, हे आईला नेहमी उशिरा कळायचं.

त्या शुक्रवारी सकाळी अकरापासून भुवनेश्वरीचा एका जागी पाय ठरत नव्हता. मुरूमच्या बाजारपेठेत खाली नवऱ्याचं भुसार मालाचं दुकान आणि वर घर. जिन्याच्या तोंडापाशी जायची, खाली बघायची, परत स्वयंपाकघरात यायची. चहा दोनदा टाकला, दोन्ही वेळा गाळायचा राहिला. फोन हातात घेऊन मुलीचं नाव काढायची आणि बंद करून फ्रिजवर ठेवायची. शिवप्रियाचा फोन रोज संध्याकाळी साडेसातला यायचा. आज तोवर थांबणं शक्य नव्हतं आणि आधी करणं जमत नव्हतं.

असं काय झालं होतं ते कळायला आधी शिवप्रिया माहीत हवी.

भुवनेश्वरी आणि कल्याणप्पांची ही एकुलती एक लेक. पाच वर्षांची असताना सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेला न्यायचं ठरलं तेव्हा भुवनेश्वरीनं आठ दिवस आधीपासून तिची तयारी करून घेतली. नाव काय, अप्पांचं नाव काय, गाव कुठलं आणि गावाचा पिनकोड काय. हरवलीस तर रडायचं नाही, पोलिसाला एवढं सांगायचं. बाकीचं पोरगी विसरायची, पण ते सहा आकडे तिला असे काही आवडले की अंघोळ करताना, वेणी घालताना ती तेच म्हणत बसायची. जत्रेत ती हरवली नाही. आकडे मात्र राहिले. पाटीवर, भिंतीवर खिडकीच्या खाली, वह्यांच्या कव्हरांवर, शेजारणीच्या चुलीसमोरच्या राखेतसुद्धा तिनं ते लिहिले. उमरग्याच्या कॉलेजातून बी.ए. झालेल्या आईला त्याचं कौतुक वाटायचं. आपण शिकवलेलं पोरीच्या हातात मुरलं, असं ती माहेरी सांगायची.

बारा-तेरा वर्षांची झाल्यावर गल्लीतल्या बायका तिच्याकडे राखीची पाकिटं घेऊन यायला लागल्या. भाऊ पुण्यात, भिवंडीत, हैदराबादेत. पत्ता फोनवर आलेला, तो पाकिटावर नीट उतरवायचा. शिवप्रियाचं अक्षर सुटं आणि मोठं. ‘ळ’ काढताना उजवीकडची गाठ ती जरा फुगवायची, पाठीवर ओझं घेतल्यासारखी. त्या ‘ळ’वरून कुठल्याही कागदावर तिचा हात ओळखू यायचा. पाकिटाच्या मागं पाठवणाऱ्याचा पत्ता लिहायला तिला काही बघावं लागत नसे. चार, एक, तीन, सहा… हात आपोआप चालायचा.

नववीत असताना ती गोष्ट घडली. श्रिया नावाची तिची मैत्रीण आजारी होती म्हणून परीक्षेची वेळ हिला विचारून घेतली. शिवप्रियानं साडेअकरा सांगितली, पेपर होता साडेदहाला. श्रिया तासभर उशिरा आली, कसाबसा पेपर लिहिला आणि दोन दिवसांत विसरूनही गेली. शिवप्रिया विसरली नाही. पुढच्या पेपरला, भूगोलाला, तिनं उत्तरपत्रिकेवर फक्त नाव आणि बैठक क्रमांक लिहिला आणि तीन तास हाताची घडी घालून बसून राहिली. घरी येऊन म्हणाली, पेपर चांगला गेला. निकालाच्या दिवशी बाईंनी कोरी उत्तरपत्रिका आईच्या पुढं ठेवली तेव्हा कुठं उलगडा झाला. भुवनेश्वरीनं विचारलं, असं का केलंस. पोरगी शांतपणे म्हणाली, “तिचा एक तास गेला ना आई. मग माझे तीन जायला पाहिजेत.”

ते वाक्य भुवनेश्वरीच्या मनातून कधीच गेलं नाही.

दहावीला शिवप्रियाला शहाण्णव टक्के पडले. पुढं बी.कॉम. करताना तिनं ग्रामीण डाकसेवकाचा अर्ज भरला. त्याला परीक्षा नसते, दहावीच्या गुणांवर यादी लागते. यादीत शाखा पोस्टमास्तर म्हणून नाव आलं आणि गाव निघालं खडकसांगवी, भूम तालुक्यातल्या ईट गावावरून आठ किलोमीटर आत. मुरूम धाराशिव जिल्ह्याच्या एका टोकाला, हे दुसऱ्या. कल्याणप्पांचा साफ नकार होता. चार-पाच तासांची नोकरी, गावातच राहायची अट आणि तीही एवढ्या लांब; त्यापेक्षा दुकानात बस म्हणाले. भुवनेश्वरी हट्टाला पेटली. तिला स्वतःला लग्नाआधी नोकरीचं पत्र आलं होतं आणि ते घडी घालून कपाटात राहिलं होतं, हे ती बोलली नाही, पण नवऱ्याला ते समजलं असावं. त्यांनी ट्रंक आणून दिली.

प्रशिक्षणाहून आली तेव्हा शिवप्रिया नुसती फुलून आली होती. दुकानातल्या पोत्यांवर बसून तिनं आई-वडिलांना पिनकोड शिकवला. देशाचे नऊ भाग. आठ जमिनीचे आणि नववा लष्कराचा. पहिला आकडा भागाचा. आपला चार, म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. दुसरा आकडा धरला की त्या भागातला आपला पट्टा येतो. तिसरा धरला की सॉर्टिंगचा जिल्हा. आणि हा जिल्हा कलेक्टरचा नव्हे, टपालाचा. चारशे तेरा म्हणजे बारामतीपासून पार उमरग्यापर्यंत, मधे सोलापूर, धाराशिव, लातूर सगळं आलं. मग शेवटचे तीन आकडे, ते ज्या पोस्टातून वाटप होतं त्या पोस्टाचे. आपल्या जिल्ह्यात धाराशिव, भूमच्या अंगाला ते पाचशेत आणि तुळजापूर, उमरगा, मुरूमच्या अंगाला सहाशेत.

कल्याणप्पा ऐकत होते. म्हणाले, “म्हणजे आधी गोदाम, मग थप्पी, मग पोतं.”

“आणि माझं पोस्ट म्हणजे पोत्यातलं माप, अप्पा,” ती म्हणाली. “खडकसांगवीला स्वतःचा नंबर नाही. वरच्या पोस्टाचाच नंबर आम्हाला. त्या एका नंबरात वीस-बावीस गावं आहेत. नंबर वरच्या पोस्टापर्यंत आणतो. पुढं माणूस लागतो.”

तो माणूस भुवनेश्वरीनं पहिल्याच महिन्यात पाहिला. मुलगी कुठं राहते, कुणाच्या शेजारी, दाराला कडी कशी आहे हे बघायला ती खडकसांगवीला जाऊन आली होती. ग्रामपंचायतीच्या मागची एक खोली म्हणजे पोस्ट. आत टेबल, वजनकाटा, शिक्क्याची पेटी, खात्यानं दिलेला फोन. दारात सायकल लावून भागवत बसलेला, डोक्याला टॉवेल. एकतीस वर्षं तो या गावात टपाल वाटत होता. शिवप्रियाला तो बाई म्हणायचा आणि तिच्या समोरच तिची थट्टा करायचा. भुवनेश्वरीला म्हणाला, “ताई, तुमची बाई रोज मला आकडे शिकवती. म्या म्हणलं, हितं लोक पत्त्यात निसतं ‘चिंचंखाली’ लिहितेत. चार चिंचा हायेत गावात. कुठल्या चिंचंखाली ते म्या सांगतो, तुमचा पिनकोड सांगतो का?”

शिवप्रिया हसली होती. पण ती ऐकून सोडणारी नव्हती. गावातले निम्मे लोक भूमचा नंबर घालतात, काही पूर्वीच्या कुठल्या तरी नोंदीतला घालतात, त्यामुळं टपाल फिरून येतं, हे तिला खुपत होतं. तिनं ठरवलं की या गावातून निघणाऱ्या प्रत्येक अर्जावर, प्रत्येक पाकिटावर नंबर बरोबर असेल. म्हणून बायकांना ती म्हणायची, तुम्ही नका लिहू, माझ्याकडं आणा. आणि खरंच, दुपारचं काम आटोपलं की पोस्टात बायकांची रांग लागायची. कुणाचा पॅनकार्डाचा अर्ज, कुणाचं बोर्डाचं पत्र. एका दिवसात तिनं सात-सात पाकिटं लिहून दिल्याचं ती फोनवर आनंदानं सांगायची.

त्या बायकांत एक विमल होती. पस्तिशीची, गावच्या अंगणवाडीत नऊ वर्षं मदतनीस. खिचडी शिजवायची, पोरांची नाकं पुसायची, सेविका नसली की शिकवायचीही. पहिल्या आठवड्यात शिवप्रियाला ताप आला तेव्हा हिनंच उशाशी बसून पट्ट्या ठेवल्या होत्या. आता सेविकेची जागा सुटली होती. विमल बारावी पास. यादीत तिचं नाव पहिलं. पण मूळ गुणपत्रिका भिंतीतल्या कोनाड्यात होती आणि कोनाड्याला वाळवी लागली. कागदाची चाळण झाली होती. सोमवारी तालुक्याला कागदपत्रांची तपासणी, मूळ प्रत हातात पाहिजे, नाही तर दुसऱ्या नंबरच्या बाईला जागा. शिवप्रियानं महिन्याभरापूर्वीच तिला बोर्डाकडं दुय्यम प्रतीचा अर्ज करायला लावला. अर्ज शिवप्रियानंच भरला आणि सोबत जोडायचं पाकीट, ज्यावर आपलाच पत्ता लिहून तिकिटं लावायची असतात, तेही तिनंच लिहिलं, त्या दिवशीच्या सात पाकिटांतलं एक.

या आठवड्यात रोजच्या फोनवर विमलशिवाय दुसरा विषय नव्हता. बोर्डाला विचारलं, पाकीट रवाना होऊन बरेच दिवस झालेत म्हणाले, पावतीचा नंबर मात्र देईनात. मग आलं का नाही? बुधवारी शिवप्रिया म्हणाली, भागवतकाका थैली उलटी करून झाडतात. गुरुवारी ती फार बोललीच नाही. जेवलीस का विचारलं तर हो म्हणाली, आणि तो ‘हो’ भुवनेश्वरीला खोटा वाटला.

आणि शुक्रवारी अकरा वाजता शांतलिंग पोस्टमन दुकानाच्या पायरीवर आला. कल्याणप्पा उधारीवाल्याशी बोलत होते म्हणून त्यानं वर हाक मारली. मुरूमच्या पोस्टात त्याची पंचवीस वर्षं झालेली. भुवनेश्वरीला तो अक्का म्हणायचा. त्याच्या हातात एक लांबट खाकी पाकीट होतं.

“अक्का, हे खडकसांगवी म्हणजे तुमच्या पोरीचंच गाव न्हवं का? नंबर आपला घातलाय. आपल्या हद्दीत असलं गाव न्हाय. कालपास्नं आमी सगळे डोकं खाजवतोय. म्हणलं तुमाला विचारावं.”

भुवनेश्वरीनं पाकीट हातात न घेताच वाचलं. श्रीमती विमल, मुक्काम पोस्ट खडकसांगवी, तालुका भूम, जिल्हा धाराशिव. खाली सहा चौकोन आणि त्यात मुरूमचा पिनकोड. सुटा, मोठा, ठळक. वर एका कोपऱ्यात ‘बारावीची दुय्यम गुणपत्रिका मिळणेबाबत’ असं लिहिलेलं, आणि त्यातल्या ‘मिळणे’मधला ‘ळ’ पाठीवर ओझं घेऊन उभा.

आपण काय पाहतोय ते शांतलिंगाला कळू नये म्हणून तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, हो, त्याच बाजूचं गाव. आता हे तिकडं कधी पोचेल?

शांतलिंगानं बोटांवर मोजलं. आजची थैली बांधून झाली. उद्या दुपारी निघालं तर आधी सोलापूरला सॉर्टिंगला जाणार, तिथं आकडा खोडून दुसरा पडणार, मग भूमच्या अंगाला, मग वरच्या पोस्टात, मग खेड्यात. मधे रविवार. मंगळवार धरा, बुधवारही होईल. एकाच जिल्ह्यातली दोन गावं, पण टपालाला जिल्ह्याबाहेर जाऊनच परत यावं लागतं, असं म्हणून तो हसला.

तिनं चाचरत विचारलं, माझ्याकडं दिलंत तर मी स्वतः नेऊन पोचवीन.

“रजिस्टर हाय अक्का,” तो म्हणाला. खात्यानं आता त्याला स्पीड पोस्ट म्हणायला सांगितलं असलं तरी त्याच्या तोंडून रजिस्टरच जायचं. “ज्याचं नाव त्याच्याच हातात. ती बाई आधारकार्ड घेऊन उद्या दुपारी एकच्या आत खिडकीवर आली तर साहेब सही घेऊन देतील. दुसऱ्या कुणाला न्हाय. तुमाला न्हाय, मला न्हाय, तुमच्या पोस्टमास्तरीणबाईलाबी न्हाय.”

तो गेला. भुवनेश्वरी जिन्यात तशीच उभी राहिली.

चूक कशी झाली हे तिला कुणी समजावून द्यायची गरज नव्हती. सात पाकिटं ओळीनं लिहिताना, दमलेल्या दुपारी, कुणाशी तरी बोलता बोलता पोरीच्या हातानं घरचे आकडे लिहिले. भूमच्या अंगाच्या मुलीच्या हातून ही चूक झाली नसती, पुण्या-मुंबईच्याही नाही. चार, एक, तीन इथवर दोन्ही नंबर सारखेच, तिथवर हात बरोबर चालला. पुढं पाचऐवजी सहावर वळला आणि सवयीच्या वाटेला लागला. ही सवय कुणी लावली, हेही तिला माहीत होतं. पाच वर्षांच्या पोरीला हरवू नये म्हणून तिनं स्वतःच ते आकडे घोकून घेतले होते.

आता विमलनं उद्या दुपारच्या आत मुरूमला यायचं तर पहाटेची पहिली गाडी धरायला हवी. खडकसांगवी ते भूम, भूमवरून धाराशिव, तुळजापूर, नळदुर्ग आणि मग मुरूम. एसटीची वेळ चुकली नाही तर साडेबाराला पोचेल. म्हणजे तिला आज संध्याकाळपर्यंत कळलं पाहिजे. आणि तिला कळवायचं तर शिवप्रियाला कळणार. शिवप्रियाला कळलं की तिची शिक्षा सुरू. विमलची नोकरी जाणार असेल तर ही स्वतःची नोकरी सोडून बसेल. एक तासाला तीन तास, हा तिचा हिशोब. राजीनामा लिहून कुणालाही न सांगता वरच्या पोस्टात देऊन आली तरी आश्चर्य नाही. आणि त्या खोलीत ती एकटी असते. पुढचा विचार भुवनेश्वरी करत नव्हती. तो आपोआप यायचा आणि ती पुन्हा जिन्याच्या तोंडापाशी जाऊन उभी राहायची.

दुपारी गिऱ्हाईक पांगल्यावर तिनं कल्याणप्पांना सगळं सांगितलं. ते तराजूजवळ बसून ऐकत राहिले. त्यांनाही कोरी उत्तरपत्रिका आठवली असणार, कारण पहिलं वाक्य तेच बोलले, की तिला सांगू नकोस. मग त्यांनी वाट काढली. भागवतला फोन कर. पाकीट चुकून मुरूमला आलंय, विमलला उद्या पाठवून दे एवढंच सांग. कुणी लिहिलं, कसं चुकलं, हे कशाला बोलायचं. टपाल इकडंतिकडं होतंच. बाईचं काम होईल आणि पोरीच्या जिवाला घोर लागणार नाही.

“आणि पाकीट बघून विमलला कळलं तर?” भुवनेश्वरी म्हणाली.

“तिला अक्षर कुठं वळखू येतंय.”

“तिच्यासमोर बसून लिहिलंय अहो ते.”

कल्याणप्पांनी वर बघितलं नाही. म्हणाले, तरी तू आधी भागवतलाच कर. निदान आज तरी.

तिला ते पटलं असं नाही, पण हाताला काहीतरी काम मिळालं. वर येऊन तिनं भागवतचा नंबर काढला. एक रिंग वाजली आणि तिनं फोन बंद केला. काय बोलायचं ते ठरलंच नव्हतं. पाच मिनिटांत त्याचाच फोन आला. ताई, फोन केला व्हता का, बाई इथं न्हाईत, विमलच्या घरी गेल्यात, असं तो म्हणाला. भुवनेश्वरीनं सहज केला होता म्हणून सांगितलं आणि प्रिया बरी आहे ना, असं विचारलं.

भागवत नेहमीसारखा थट्टेत बोलला नाही. म्हणाला, “बरी कशाची. दोन दिस झालं डबा तसाच परत जातोय. पोरगी चांगली हाय ताई, पण डोस्क्यात घेती. आन् गावात आता येगळंच सुरू झालंय. म्हणतेत, भागवतनं पत्र पाडलं. म्हातारा झाला, सायकलवरनं उडालं आसंल. विमलची सासू काल दारात येऊन बोलून गेली. एकतीस वर्षांत म्या एक कार्ड हरवलं न्हाय. काल बाईबी मला म्हणली, काका, रागावू नका, पण वाटंत कुठं थांबला व्हता का.”

पाकीट इथं आहे, हे वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं. ते बोलली असती तर तिथंच काम झालं असतं. पण मग पुढचं ती बोलणार नव्हती, आणि ते न बोलता हे बोलणं तिला जमेना. पाकीट चुकून तिकडं गेलं एवढंच गावाला कळलं तर गाव काय म्हणणार? भागवतनंच चुकीच्या थैलीत टाकलं असेल. तो शिव्या खात राहील, शिवप्रिया त्याच्याकडं संशयानं बघत राहील, आणि मग विमल ते पाकीट घेऊन परत जाईल. पोस्टाच्या खोलीत टेबलावर ठेवील. पोरीला आपला ‘ळ’ तिथं दिसेल, सगळ्यांच्या देखत, आणि आईला माहीत असूनही आईनं सांगितलं नाही, हेही त्याच क्षणी कळेल.

तिनं भागवतला एवढंच सांगितलं की काळजी करू नका, मी प्रियाशी बोलते. फोन ठेवला आणि वही घेऊन बसली. मनात फार गोंधळ झाला की ती कागदावर लिहायची, कॉलेजपासूनची खोड. गाड्यांच्या वेळा लिहिल्या. भूम, धाराशिव, तुळजापूर, नळदुर्ग. त्याखाली लिहिलं, आधारकार्ड. त्याखाली, सात पाकिटं.

तिथं तिचा हात थांबला.

त्या दिवशी एकट्या विमलचं पाकीट लिहिलं गेलं नव्हतं. सात लिहिली होती, पोरीनंच फोनवर सांगितलं होतं. हात एकदा चुकीच्या वाटेला लागला तर एकाच पाकिटावर थांबला असेल कशावरून? आणखी कुणाकुणाची कार्डं, कुणाचे दाखले मुरूमच्या दिशेनं निघाले असतील. शांतलिंग उद्या आणखी एक घेऊन येईल, आठ दिवसांनी आणखी एक. ती किती वेळा भागवतला फोन करून चुकून आलंय म्हणणार? कुणाकुणाची पाकिटं लिहिली ते फक्त शिवप्रियाला आठवेल. ती यादी दुसऱ्या कुणाला करताच येणार नाही.

एवढा वेळ भुवनेश्वरी पोरीला या चुकीपासून लांब ठेवायचं बघत होती. पण निस्तरणारी दुसरी कोण होती? नववीत ती तीन तास कोरा कागद पुढं ठेवून बसली, कारण श्रियाचा गेलेला तास परत आणायला तिच्या हातात काही नव्हतं. इथं तसं नव्हतं. इथं उद्या दुपारपर्यंतचा वेळ होता, एक गाडी होती, सात नावं होती. करायला काम होतं. गप्प बसून शिक्षा ठरवायला वेळच मिळणार नाही इतकं काम होतं. ते तिला ताबडतोब, एकामागून एक सांगायला हवं, मधे श्वास न घेता.

घड्याळात पावणेसहा झाले होते. साडेसातला तिचा फोन येईल तेव्हा अंधार पडलेला असेल, विमलला निरोप द्यायचा, पहाटेच्या गाडीचं ठरवायचं, घरच्यांची समजूत काढायची, सगळं उशिरा होईल. कल्याणप्पा जिना चढून वर आले आणि दारात उभे राहिले. भागवतला केलास का, त्यांनी विचारलं.

“केला. आता तिला करते.”

ते आत आले, खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले आणि उद्या साडेबाराला आपण दोघं पोस्टापाशी उभे राहू, त्या बाईला गाव नवखं आहे, असं म्हणाले. भुवनेश्वरीनं मान हलवली. काय बोलायचं ते तिनं मनात एकदा लावून घेतलं. आधी पाकीट सापडलंय हे. मग गाडीची वेळ आणि आधारकार्ड. मग त्यावरचा नंबर कुठला आहे ते, आडपडदा न ठेवता. मग, काही बोलू नकोस, आधी भागवतकाकांच्या घरी जा, त्यांना सांग, आणि तिथूनच विमलकडं. आणि रात्री जेवून मला सात नावं वाचून दाखव.

पोरगी गप्प झाली तर? तर आपण बोलत राहायचं. ती बोलेपर्यंत फोन ठेवायचा नाही.

तिनं शिवप्रियाचं नाव काढलं आणि या वेळी फोन लावला.